मादी कोणाच्या बारानं पडली

१

दोर्का कुत्रीनं मादी आणून आजोबांच्या बुटांपाशी ठेवली, दोन पावलं मागे सरली आणि शाबासकीची वाट बघत बसली.

शाबासकी कोणीच दिली नाही. आमच्या ल्होत्का गावच्या शिकारमंडळातली झाडून सगळी माणसं तळ्याच्या बांधावर उभी होती. कोणाच्या हातात दोन-दोन नर, कोणाच्या हातात रिकाम्या पुंगळ्या, आणि सगळ्यांची नजर त्या एका मातकट पक्ष्यावर. नर फेझंट, म्हणजे रानकोंबड्याचा भाऊबंद, कसा, तांबूस अंग, हिरवीगार मान, हातभर शेपूट. मादी म्हणजे नांगरलेल्या रानातलं ढेकूळ. दोघांत गल्लत करायला माणूस आंधळा तरी हवा, नाहीतर फार घाईतला तरी.

"ही कोणाची?" शिकारप्रमुख ओताकार वीमाझलकाकांनी विचारलं.

कोणी बोललं नाही. कसं बोलणार? तीन वर्षं माद्या घटत चालल्या होत्या म्हणून वसंतात मंडळानं ठराव केला होता, यंदा फक्त नर. ज्याच्या बारानं मादी पडेल त्याची पाटी उतरवायची, कायमची. मंडळाच्या खोलीत भिंतभर खुंट्या आहेत आणि प्रत्येक खुंटीवर एकेका सभासदाचं नाव कोरलेली लाकडी पाटी आहे. पाटी उतरली की बंदूक घेऊन या रानात पाऊल टाकायचं नाही. ठरावाला पहिला हात वर झाला होता तो माझ्या आजोबांचा, आल्बीन द्रापल यांचा. वय एकोणऐंशी, पाटी भिंतीवर बावन्न वर्षं.

"कुत्री कोणाची?" मागून कोणीतरी पुटपुटलं.

कुत्री आजोबांची, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"कुत्र्यानं आणली म्हणजे मालकानं मारली असं थोडंच असतं," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. सप्टेंबरपर्यंत मी वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी होते. पण यंदा मंडळाचं शिंग माझ्याकडे आलं होतं. त्या दिवशी सकाळपासून पाच हाके, म्हणजे रान उठवून पक्षी बंदुकांकडे हाकलायच्या फेऱ्या, माझ्या शिंगावर सुरू झाले होते आणि माझ्याच शिंगावर थांबले होते. मी शिंग तोंडाला लावलं की अठरा बंदुका खाली होतात. एवढं झाल्यावर माणूस गप्प कसा बसेल?

"वेंदुला," काका म्हणाले, "तू शिंग फुंकतेस तेवढं पुष्कळ आहे."

"पण आजोबा सांगतील ना. आजोबा, सांगा यांना. तुम्ही नरावरच बार टाकलात ना?"

आजोबांनी खाली वाकून मादी उचलली. तिच्या शेपटीवरून अंगठा फिरवला, टोकापर्यंत. मग ती वीमाझलकाकांच्या हातात दिली आणि काहीच न बोलता दोर्काला साखळी लावली.

हे मला अजिबात कळलं नाही.

२

"सहाला जेवण. त्याआधी न्यायसभा," काकांनी जाहीर केलं. दरवर्षी शेवटच्या हाक्यानंतर आमच्याकडे खोटं न्यायालय भरतं. कोणी टोपी उलटी घातली, कोणी कुत्र्याला चुकीच्या नावानं हाक मारली, अशा गुन्ह्यांना शिक्षा म्हणून सगळ्यांना दारू पाजायची. "यंदा मात्र खरा निकाल लागेल. ज्यानं मारली त्यानं सहाच्या आत माझ्याकडे यावं."

"आणि कोणी आलंच नाही तर?"

"तर मंडळ ठरवेल." असं म्हणताना त्यांनी आजोबांकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

दुपारचे दीड वाजले होते. साडेचार तास. मी वहीचं पान फाडलं आणि आकृती काढली.

तळ्याच्या त्या कोपऱ्यात तिघंच होते. तिसऱ्या जागेवर, लव्हाळ्याला लागून, डॉक्टर शेबेस्ता. ब्रनो शहरातले दाताचे डॉक्टर, यंदाच सभासद झालेले. पाचव्या जागेवर, लव्हाळ्याच्या पलीकडे, कामिलामावशी, आमच्या गावची खाटीक. आणि चौथ्या जागेवर आजोबा. चौथी जागा मात्र मुद्दाम मागे, द्राक्षमळ्याच्या टोकाला, पाण्यापासून दीडशे पावलं. पाण्याजवळ आता शिशाचे छर्रे चालत नाहीत, पोलादाचे लागतात, आणि आजोबांच्या जुन्या दुनळीला पोलाद सोसत नाही. प्रमुख बंदूक चालवत नाहीत. हाका चालू असताना मी त्यांच्या शेजारी बांधावरच होते आणि त्या कोपऱ्यातले बार मी मोजले होते. डॉक्टरांचे तीन, मावशीचा एक, आजोबांचा एक.

मावशीचा नर सगळ्यांच्या देखत तळ्यात पडला होता, छपाक करून. तरी मी विचारलंच.

"एक काडतूस, एक नर," ती चाकूला धार लावत म्हणाली. "माझी बंदूक वीस नंबरची. काडतूस लहान, छर्रे कमी. मला दोन-दोन पक्षी पाडायची चैन परवडत नाही. आणि हे बघ पोरी, मला विचारतेस ते ठीक आहे, पण म्हाताऱ्याला विचारलंस का?"

"ते बोलत नाहीत."

"तेच म्हणते मी," मावशी म्हणाली.

डॉक्टर गाडीच्या मागच्या दाराशी बसून बंदूक पुसत होते. नवी कोरी इटालियन बंदूक. सकाळी त्यांनी ती मला आणि आजोबांना हौसेनं दाखवली होती. खास करून तिचा चोक. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला आवळ. आवळ घट्ट असला की छर्रे गठ्ठ्यानं लांबवर जातात, सैल असला की जवळच पसरतात. आजोबांच्या दुनळीत तो नळीतच घडवलेला आहे, उजवीला अर्धा, डावीला पूर्ण. डॉक्टरांच्या बंदुकीला मात्र आट्यांनी बसवायच्या पाच वेगवेगळ्या टोप्या, पेटीत ओळीनं मांडलेल्या. "काठावरच्या खाचा मोजायच्या, की झालं," ते सकाळी म्हणाले होते. "मी पाच खाचांची लावलीय. सगळ्यात जास्त आवळ. कालवा, तळं, सगळीकडे लांबचेच पक्षी मिळतात असं ऐकलं."

आणि मग सकाळभर त्यांचे लांबचे पक्षी एकेक करत क्षितिजापार निघून गेले होते. चाळीस पावलांवरून चार गेले, पीसदेखील हललं नाही. डोक्यावरून जाणारे मात्र बरोबर पडत होते. काडतुसं ओली आहेत, असं ते दोनदा म्हणाले.

"डॉक्टर, मादी तुमच्या बाजूला होती का?"

"होती. एक नर आणि ती, बरोबरच उठले. मी नरावर बार टाकला, तिसरा बार, तो समोर लव्हाळ्यात पडला. मादी त्याच्या बाजूला हातभर अंतरावर होती. ती पुढे निघून गेली."

"पुढे कुठे?"

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "माझ्या डोक्यावरून मागे. द्राक्षमळ्याकडे. वाईट वाटतं बोलायला, पण तुझ्या आजोबांकडे."

३

मादी कुठे पडली हे कोणी पाहिलं नव्हतं. दोर्का लव्हाळ्याच्या मागून आली एवढंच. मग मी सरळ दोर्कालाच विचारायचं ठरवलं. साखळी घेतली आणि निघाले.

दोर्का निघाली ती थेट द्राक्षमळ्याकडे. नाक जमिनीला, मान ताणलेली, तिसऱ्या ओळीच्या दिशेनं मला ओढत. तिकडे काही सापडलं तर आजोबा संपलेच, हे मला दिसत होतं.

"तिकडे नाही गं बाई. इकडे." मी तिला जोर लावून मागे ओढलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की आमच्या गणिताच्या बाईच आठवल्या.

शोध मात्र लागला. डॉक्टरांच्या जागेच्या मागे, मी मोजली, पंधरा पावलं, कोरड्या गवतावर बारीक भुरी पिसं आणि रक्ताचे तीन ठिपके. द्राक्षमळा तिथून शंभरावर पावलं लांब. आजोबांच्या बंदुकीचा बार एवढ्या लांब पोचून पक्षी पाडेल? शक्यच नाही. मी त्यातलं एक पीस वहीत ठेवलं आणि धावत खोलीवर आले.

"डॉक्टर, मादी तुमच्या पाठीमागे पंधरा पावलांवर पडली."

खोलीत चारपाच जण गरम वाइन पीत होते. सगळे वळले. डॉक्टर लाल झाले, पण गडबडले नाहीत. त्यांनी टेबलावरची मादी उचलून सगळ्यांसमोर धरली.

"हिच्याकडे नीट बघा. ही माझ्या बारानं, एवढ्या जवळून पडली असती, तर हिचं काय उरलं असतं? मी पूर्ण आवळ लावला होता. वीस पावलांवर माझे सगळे छर्रे एका जेवणाच्या ताटात मावतात. हिचा खिमा झाला असता. आणि हिला तर जेमतेम चार-पाच छर्रे लागलेत. हे जवळच्या बाराचं काम नाही. लांबून, विरळ झालेल्या छर्र्यांचं काम आहे. लांबून लागली, तरंगत आली, माझ्या मागे पडली."

लोक माना हलवू लागले. मला खोड काढता येईना. छर्रे खरंच विरळ होते. मी आणलेलं पीस माझ्या हातातच राहिलं, आणि ज्या पुराव्यानं आजोबा सुटणार होते तो त्यांच्याच विरुद्ध उभा राहिला.

"सोलून बघू," कामिलामावशी म्हणाली. "पक्षी खोटं बोलत नाही."

४

तिनं मादी तीन मिनिटांत साफ केली. पिसं बादलीत, कातडी बाजूला. मग चाकूचं टोक मांडीत घातलं आणि एक छर्रा बशीत टाकला. टण् असा आवाज आला नाही, नुसताच थप्प.

मावशीनं तो दोन बोटांत धरला. मग दातांत धरून हलकेच दाबला. "शिसं," ती म्हणाली. "साडेतीन मिलिमीटर."

साडेतीन मिलिमीटरचं शिसं आमच्या मंडळात एकच माणूस वापरतो. बाकीचे सगळे तीनवर आहेत. "छर्रे थोडे असले तरी चालतील, पण लागला तो पक्षी जखमी होऊन मरत पडता कामा नये," असं म्हणून आजोबा वर्षानुवर्षं तेच डबे घेतात. डबे मीच उघडून देते, आणि त्यांच्यावरची अक्षरंही मीच वाचून दाखवते, कारण आजोबांना माझा आवाज आवडतो.

दार उघडंच होतं. उंबऱ्यात आजोबा उभे होते, कधीपासून कोण जाणे.

"साडेतीन का, कामिला?"

"हो, आल्बीनदादा."

"मग शोध कशाला करताय? मीच मारली." ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. "ओताकार, सहाला पाटी काढ."

"आजोबा, पण तुम्ही नरावर नेम धरला होतात ना? तुम्हाला दिसलं असेल ना नर होता की मादी?"

"मी एक बार टाकला. काहीतरी पडल्याचा आवाज आला. दोर्का मादी घेऊन आली. आणखी काय हवं?"

आणि ते बाहेर लाकडाच्या थप्पीवर जाऊन बसले.

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. माणूस निर्दोष असेल तर कबूल कशाला करेल? आणि त्यांनी मारली असेल तर बांधावरच का नाही सांगितलं? आजोबा खोटं बोलत नाहीत. पण ते खरं बोलत होते असंही मला वाटत नव्हतं. दोन्ही एकदम कसं असू शकतं?

५

"रडू नकोस," कामिलामावशी म्हणाली. "नाक पूस आणि इकडे ये. हे बघ."

ती मांडीच्या मांसावरून अंगठा फिरवत होती. छर्रा निघाला तिथे रक्त नव्हतंच. वाटाण्याएवढी पांढरी गाठ होती, आतून पोकळ.

"हा छर्रा आजचा नाही. याच्याभोवती मांस वाढलंय. गेल्या हिवाळ्यातला, नाहीतर त्याच्याही आधीचा. मी रोज मांस कापते, मला नाही तर कोणाला कळणार? कोणा नरावर बार टाकला असेल, एक छर्रा हिला लागला, ही जगली. बिचारी."

"मग आजचे?"

आजचे चार निघाले. एक मानेत, एक डोक्यात, दोन डाव्या पंखात. चारही रक्तात बुडालेले, आणि बशीत पडताना चारही टणाटण वाजले. खोलीतल्या फ्रिजवर द्राक्षाच्या घडाच्या आकाराचं एक लोहचुंबक होतं. मी ते काढलं आणि बशीवर धरलं.

चारही छर्रे उडी मारून चिकटले. शिशाचा मात्र बशीतच बसून राहिला.

"पोलाद," मी म्हणाले. "आजोबांकडे पोलाद नाहीच. त्यांच्या बंदुकीला ते चालतच नाही."

खोलीत एकदम गलका झाला. वीमाझलकाकांनी चुंबक माझ्या हातातून घेऊन स्वतः लावून पाहिलं, दोनदा. मग म्हणाले, "पोलाद दोघांकडेच होतं त्या कोपऱ्यात. आणि मीच सगळ्यांसाठी एकदम मागवलं होतं. दोघांचेही छर्रे तीनचे."

"माझा बार तळ्यात पडला, चाळीस डोळ्यांनी पाहिलंय," मावशी म्हणाली. "आणि पिसं सापडली ती जागा माझ्यापासून सत्तर पावलं. पोलाद हलकं असतं. एवढ्या लांब ते फुलपाखरूसुद्धा पाडणार नाही."

म्हणजे डॉक्टर. पण डॉक्टर शांतपणे मान हलवत होते.

"मला पटवून द्या," ते म्हणाले. "मी पळून जाणारा माणूस नाही. माझ्या बारानं पडली असेल तर मी स्वतः पाटी काढून देईन. पण पूर्ण आवळातून, वीस पावलांवर, मी नरावर धरलेला बार हातभर बाजूच्या मादीला लागेल कसा? आणि लागलाच तर फक्त चारच छर्रे कसे? शक्य नाही हे."

खरंच शक्य नव्हतं. आजोबा लांब म्हणून शक्य नाही, मावशी लांब म्हणून शक्य नाही, डॉक्टर जवळ म्हणून शक्य नाही. मग मादी काय स्वतःहून पडली?

६

मी बाहेर गेले. आजोबांच्या शेजारी बसले, खिशातला कोलाचा, आमच्याकडचा गोड सारण भरलेला पाव, खाल्ला. काही सुचत नसलं की मी शिंगाचं तोंड काढून त्यातून आभाळ बघते. लहान भोकातून मोठं आभाळ. शिंग तोंडापाशी अरुंद, पुढे रुंद होत जातं. बंदुकीच्या नळीचं उलट, ती टोकाला आवळलेली.

"आजोबा, आवळ आहे की नाही हे नुसतं बघून कळतं का?"

"बघून कशाला? बोट घालायचं."

मी शिंग तिथेच टाकून आत गेले.

"डॉक्टर, बंदूक रिकामी आहे ना? ती टोपी जरा काढता? आणि पेटीतल्या बाकीच्या चारही द्या. मावशी, बाटलीचं एक बूच हवंय आणि तुझा चाकू."

डॉक्टर हसले, पण त्यांनी टोपी काढली. पाच खाचा. मी ती टेबलावर ठेवली आणि शेजारी चार, तीन, दोन, एक अशा ओळीनं मांडल्या. मावशीनं बूच तासलं, पाच खाचांच्या टोपीतून ते अगदी सहज सरकेल इतकंच. सरकलं. सगळे बघत होते.

"आता हे सगळ्यात जास्त आवळ असलेल्या टोपीतून गेलं. म्हणजे बाकीच्या चार याहून सैल असायला हव्यात. बरोबर, डॉक्टर?"

"बरोबर."

चार खाचांच्या टोपीत बूच घासत गेलं. तीनमध्ये मला ते दाबावं लागलं. दोनमध्ये अर्ध्यावर अडकलं. एका खाचेच्या टोपीच्या तोंडात ते शिरेचना.

डॉक्टरांनी ती एका खाचेची टोपी उचलली, त्यातून माझ्याकडे पाहिलं, मग पाच खाचांची उचलली आणि तिच्यातून पाहिलं.

"उलटं आहे," ते सावकाश म्हणाले. "एक खाच म्हणजे पूर्ण आवळ. पाच म्हणजे..."

"पाच म्हणजे आवळच नाही," मी म्हणाले. "म्हणून तर तुमचे लांबचे पक्षी सकाळपासून निघून गेले आणि डोक्यावरचे तेवढे पडले. काडतुसं ओली नव्हती. तुमचे छर्रे ताटात मावत नव्हते, छत्रीसारखे उघडत होते. तुम्ही नरावरच नेम धरला, नर पडलाही. पण छत्रीच्या कडेचे चार छर्रे हातभर बाजूच्या मादीला लागले. तुम्ही नराकडे बघत होता. ती तुमच्या डोक्यावरून मागे गेली आणि पंधरा पावलांवर पडली."

"अरे देवा," डॉक्टर म्हणाले. ते खाली बसले. "म्हणजे मी एका निरपराध म्हाताऱ्याला..."

"बरं झालं पूर्ण आवळ नव्हता ते," मावशी म्हणाली. "पोलाद घालून मारत होतास. नळी फुगली असती तुझी."

वीमाझलकाकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, संपलं. मी जिंकले. आजोबांना सांगायला मी बाहेर पळाले. आणि दारातच मला आठवलं की आजोबांनीही एक बार टाकला होता, आणि काहीतरी पडल्याचा आवाज आला होता. मग ते काय पडलं?

७

"दोर्का," मी म्हणाले, "माफ कर. चल."

सूर्य मळ्याच्या कडेला टेकला होता. आजोबा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. खांद्यावर हात का, हे मी विचारलं नाही, रस्ता खडबडीत होता. सगळं सांगून झालं होतं. छर्रे, चुंबक, बूच. ते नुसतं "हं, हं" करत होते.

दोर्का तिसऱ्या ओळीत शिरली आणि क्षणात परत आली. तोंडात नर. मोठा, म्हातारा, शेपूट जमिनीवर लोळत होतं. मानेत आणि पाठीत छर्र्यांची घट्ट जागा, सगळी तळहाताएवढी. आजोबा उभे होते तिथून मी पावलं मोजली. बेचाळीस.

"डावी नळी," मी म्हणाले. "पूर्ण आवळ. बेचाळीस पावलं, आजोबा. अख्ख्या दिवसात असा बार कोणाचाच नाही. आणि लोक म्हणत होते की तुम्हाला नर-मादी ओळखू येत नाहीत."

आजोबांनी नर हातात घेतला. पुन्हा तोच अंगठा, शेपटीवरून टोकापर्यंत.

"ओळखला," ते म्हणाले. "कसा ते विचार."

"कसा?"

"नर उठताना ओरडतो. मादी गप्प उठते. हा ओरडत उठला आणि डावीकडून उजवीकडे गेला. आवाजाच्या हातभर पुढे नळी धरली आणि चाप ओढला." त्यांनी नर माझ्या हातात दिला. "मला तो दिसलाच नाही, वेंदू. गेल्या उन्हाळ्यापासून मला डबा दिसतो, डब्यावरची अक्षरं दिसत नाहीत. माणूस दिसतो, तोंड दिसत नाही. उडणारं काहीच दिसत नाही."

सकाळी त्यांनी चहात मीठ घातलं होतं आणि मी हसले होते. रोज मी पेपर वाचून दाखवते. मान वर न करता, नुसत्या पावलांवरून ते माणसाला नावानं हाक मारतात, आणि मला ते कौतुकाचं वाटायचं. सकाळी डॉक्टरांनी पाच खाचा दाखवल्या तेव्हा आजोबा नुसते हसले होते. ज्या माणसाला बावन्न वर्षं बंदुका माहीत आहेत, तो काही बोलला कसा नाही, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. तळ्याकाठची पिसं मला दिसली. हे दिसलं नाही.

"म्हणून कबूल केलंत?"

"दोर्कानं मादी आणली. मला काय ठाऊक, कुठली? शेपटीवरून हात फिरवला तेव्हा कळलं मादी आहे ते. वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण खात्री नव्हती म्हणून बांधावर बोललो नाही, साडेतीनचा छर्रा निघाला तेव्हा पटली."

"पण चूक झाली नाही. बरोबर ऐकलंत. तुम्ही निर्दोष आहात. मी सिद्ध केलंय."

"छान केलंस," आजोबा म्हणाले. आणि ते खरंच खूश होते. मला काही समजेनासं झालं.

८

पक्ष्यांची मांडणी झाली. सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांच्या चौकटीत नरांच्या ओळी, प्रत्येक दहावा अर्धा हात पुढे काढलेला. आजोबांचा नर शेवटी आला म्हणून एकटाच एका ओळीत होता. चार कोपऱ्यांना शेकोट्या. मादी वेगळी, एका फांदीवर.

डॉक्टर पुढे आले. टोपी काढून म्हणाले, "माझ्या बारानं पडली. खाचा उलट्या मोजल्या. ठराव आहे तसा लागू करा."

वीमाझलकाकांनी खोलीचं दार उघडलं. सगळे आत भिंतीकडे वळले.

"थांब, ओताकार," आजोबा म्हणाले. "एक पाटी उतरवायची आहे ना? माझी उतरव."

"आल्बीन, आता कशाला? पोरीनं सगळं उलगडून दाखवलंय. तुझा बार दिवसातला सगळ्यात चांगला होता."

"म्हणूनच. तो मी ऐकून मारला. मला दिसत नाही." ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "आज त्या आवाजामागे द्राक्षाचे खांब होते. पुढच्या शनिवारी एखादा हाकारा असेल, वेंदुला असेल, मला कळणारही नाही. या माणसाची चूक टोपीचे आटे फिरवले की दुरुस्त होते. माझी होत नाही. आणि दुपारी उतरली असती तर ती मादीसाठी उतरली असती. आता मी उतरवतोय."

काका काही बोलणार होते, पण मावशीनं त्यांच्या दंडाला हात लावला.

आजोबा भिंतीपाशी गेले. बोटांनी खुंट्या मोजल्या, वरून तिसरी ओळ, डावीकडून सातवी. कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवून खात्री केली, मग पाटी काढली आणि कोटाच्या खिशात ठेवली. रिकाम्या खुंटीला त्यांनी दोर्काची साखळी अडकवली.

"कुत्री घेऊन येत जाईन," ते म्हणाले. "कुत्र्याला डोळे आहेत."

डॉक्टरांची पाटी जागेवरच राहिली. काकांनी उत्तम बाराची फांदी, ज्याच्या बारानं दिवसाचा सगळ्यात चांगला पक्षी पडला त्याला द्यायची ती, आजोबांच्या टोपीत खोवायला हात उचलला. आजोबांनी ती घेतली आणि चाचपत माझ्या टोपीत खोवली. पहिल्यांदा ती कानात गेली.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण शिंगाशिवाय दिवस संपत नाही. मी जिंकले होते की नाही ते मला अजूनही कळत नव्हतं. मी शिंग तोंडाला लावलं. पहिला सूर फाटला. आजोबांनी मान माझ्या दिशेनं वळवली, डोळे मिटले, आणि बोटानं खूण केली. पुन्हा.

मी पुन्हा वाजवलं.